अस्तंगत सीमाप्रदेशातील विलक्षण रिव्हॉल्व्हरे : वेस्टर्न कलाकृतींतील वस्तू, दंतकथा आणि नैतिक प्रश्न

सारांश :
अमेरिकेच्या पश्चिम सीमाप्रदेशाविषयीच्या कथा-कादंबऱ्या आणि चित्रपट यांमध्ये रिव्हॉल्व्हर ही वस्तू नायकाच्या कर्तृत्वाचे चिन्ह म्हणून येते. मात्र त्या काळात प्रत्यक्ष वापरात असलेल्या शस्त्रांमध्ये अनेक विक्षिप्त, अल्पायुषी आणि बेभरवशाची रिव्हॉल्व्हरे होती. ती कोणा वीराच्या गरजेतून निर्माण झालेली नव्हती. पेटंटचे कायदे, व्यापारी स्पर्धा आणि लष्करी खरेदी यांच्या ओढाताणीतून ती जन्माला आली. प्रस्तुत लेखात मार्क ट्वेन, स्टुअर्ट लेक, ग्लेंडन स्वार्थआउट, डॉन सीगल, सॅम पेकिन्पा आणि क्लिंट ईस्टवुड यांच्या कलाकृतींच्या आधारे या वस्तूच्या चित्रणाची चिकित्सा केली आहे. शस्त्राचा खरा इतिहास कलाकृतीत टिकतो तेव्हा हिंसेचे मूल्यही वाचक-प्रेक्षकाच्या लक्षात येते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : सीमाप्रदेश, वेस्टर्न, रिव्हॉल्व्हर, दंतकथा, वास्तववाद, हिंसा.

१. प्रस्तावना

इ. स. १८९० च्या जनगणनेनंतर, देशात आता वसाहतीची सलग अशी सीमारेषा दाखविता येत नाही, असे अमेरिकेच्या जनगणना अधीक्षकांनी जाहीर केले. या विधानाचा आधार घेऊन फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या तरुण इतिहासकाराने जुलै १८९३ मध्ये शिकागो येथे आपला सुप्रसिद्ध निबंध वाचला. सीमाप्रदेश संपला आणि त्याबरोबर अमेरिकेच्या इतिहासाचे पहिले पर्व संपले, हा त्याचा निष्कर्ष होता. त्याच उन्हाळ्यात, त्याच शहरात, जागतिक प्रदर्शनाच्या मैदानालगत बफेलो बिल कोडी याचा ‘वाइल्ड वेस्ट’ हा खेळ चालू होता. टर्नरच्या मांडणीच्या केंद्रस्थानी मोकळी जमीन, शेतकरी, पशुपालक आणि व्यापारी होते. कोडीच्या खेळाच्या केंद्रस्थानी घोडा, हल्ला आणि गोळीबार होता. सीमाप्रदेशाचा अंत अशा रीतीने एकाच वेळी विद्वत्सभेत आणि तंबूत साजरा झाला. पुढील शतकात लोकांच्या मनावर राज्य केले ते मुख्यतः तंबूतल्या प्रतिमेने, आणि त्या प्रतिमेच्या हाती रिव्हॉल्व्हर होते.

मराठी वाचकाला अमेरिकन सीमाप्रदेशाचे गंभीर साहित्य परिचित झाले ते प्रामुख्याने जी. ए. कुलकर्णी यांनी केलेल्या कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्यांच्या अनुवादांमुळे. ‘रान’, ‘शिवार’ आणि ‘गाव’ ही शीर्षकेच सीमाप्रदेशाच्या रूपांतराचा क्रम सांगतात. ओहायोच्या त्या निबिड अरण्यात माणसाच्या हाती कुऱ्हाड आहे, शिकारीची लांब बंदूक आहे, रिव्हॉल्व्हर नाही. सॅम्युएल कोल्टला त्याचे अमेरिकन पेटंट मिळाले ते १८३६ मध्ये. रिव्हॉल्व्हर हे मुळात जंगल तोडणाऱ्या पिढीचे शस्त्र नव्हेच. रेल्वे, गुरांचे कळप, खाणी आणि दारूचे गुत्ते यांच्या काळाचे, म्हणजे सीमाप्रदेशाच्या उत्तरार्धाचे ते शस्त्र आहे. म्हणून या प्रदेशाच्या अस्तकाळाविषयीच्या कलाकृतींत या वस्तूला कोणते स्थान दिले जाते, हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. दंतकथा आणि इतिहास यांपैकी कलाकृतीचा कल कोणाकडे आहे, हे त्यातून कळते.

२. विक्षिप्ततेची ऐतिहासिक कारणे

लोकप्रिय वेस्टर्नपटांत बहुतेक सर्व पात्रांच्या कमरेला एकाच प्रकारचे शस्त्र दिसते : १८७३ चे ‘कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मी’, म्हणजेच ‘पीसमेकर’. प्रत्यक्षातील चित्र याहून बरेच विस्कळीत होते आणि त्या विस्कळीतपणाला निश्चित कारणे होती.

पहिले कारण पेटंटचे. रॉलिन व्हाइट याने १८५५ मध्ये रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चक्रातील कप्पे आरपार पोखरण्याच्या रचनेचे पेटंट मिळविले. या रचनेमुळे धातूचे तयार काडतूस मागच्या बाजूने भरता येणे शक्य झाले. ‘स्मिथ अँड वेसन’ या कंपनीने प्रत्येक रिव्हॉल्व्हरमागे पंचवीस सेंट देण्याच्या कराराने हे हक्क घेतले; परंतु पेटंटचे उल्लंघन करणाऱ्यांशी न्यायालयात लढण्याची जबाबदारी व्हाइटवर टाकली. पेटंटची मुदत १८६९ मध्ये संपेपर्यंत इतर कारखानदारांना दोनच मार्ग उरले : जुन्या पद्धतीने दारू, गोळी आणि टोपी भरण्याचे रिव्हॉल्व्हर बनविणे, किंवा पेटंटला वळसा घालणारी काहीतरी चमत्कारिक युक्ती शोधणे. समोरून भरावयाची निराळ्या आकाराची काडतुसे आणि बाजूने उघडणारी चक्रे यांची त्या काळातील रेलचेल या कोंडीतून निर्माण झाली. व्हाइटने मुदतवाढीसाठी प्रयत्न केले. त्यासाठीच्या विधेयकावर अध्यक्ष ग्रँट यांनी १८७० मध्ये नकाराधिकार वापरला. ज्याच्या कल्पनेवर काडतुसी रिव्हॉल्व्हरचे युग उभे राहिले, त्याची मिळकत न्यायालयीन खर्चात गेली.

दुसरे कारण युद्धाचे. न्यू ऑर्लिन्सचे वैद्य झां अलेक्झांडर ल माट यांनी १८५६ मध्ये पेटंट घेतलेले रिव्हॉल्व्हर हे याचे उत्तम उदाहरण. त्याच्या चक्रात नऊ कप्पे होते आणि ते चक्र ज्या आसाभोवती फिरत असे, तो आस म्हणजेच छऱ्यांची एक जाड नळी होती. घोड्याच्या टोकावरील तुकडा खाली वळविला की ही दहावी नळी उडत असे. यादवी युद्धात दक्षिणेच्या सैन्यासाठी ही रिव्हॉल्व्हरे युरोपात तयार करून नाकेबंदीतून आणली गेली. एकूण उत्पादन तीन हजारांच्या आतच राहिले.

तिसरे कारण लष्करी खरेदीचे. मेजर जॉर्ज स्कोफील्ड यांनी ‘स्मिथ अँड वेसन’च्या मधोमध मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये सुधारणा केली. खिटी चौकटीवर आणल्यामुळे घोडेस्वाराला एका हाताने शस्त्र उघडून रिकामी काडतुसे बाहेर टाकता येऊ लागली. सैन्याने १८७५ पासून ते काही हजारांच्या संख्येने घेतले. परंतु त्याचे चक्र आखूड होते आणि कोल्टचे लांब काडतूस त्यात बसत नव्हते. दोन प्रकारचा दारूगोळा सांभाळण्याच्या कटकटीत, भरण्यास अधिक सोयीचे असलेले हे शस्त्र मागे पडले. पुढे ही रिव्हॉल्व्हरे सरकारी साठ्यातून खुल्या बाजारात आली. ‘वेल्स फार्गो’सारख्या कंपन्यांनी त्यांच्या नळ्या कापून ती आपल्या रखवालदारांना दिली. स्वतः स्कोफील्ड यांनी डिसेंबर १८८२ मध्ये ॲरिझोनातील फोर्ट अपाचे येथे आत्महत्या केली.

या मालिकेत ‘मर्विन हल्बर्ट’ या न्यूयॉर्कच्या कंपनीच्या रिव्हॉल्व्हरचाही समावेश करावा लागेल. त्याची नळी एका बाजूला पिळून पुढे ओढली की उडालेली रिकामी टरफले तेवढी गळून पडत आणि न उडालेली काडतुसे जागच्या जागी राहत. कारागिरीच्या दृष्टीने ही रचना कोल्टहून सरस मानली जाते. तरीही शतक संपण्यापूर्वी कंपनी बुडाली आणि तिचे नाव संग्राहकांपुरते उरले. सरस वस्तू टिकते असा नियम नाही. वस्तूचे आयुष्य अनेकदा कंत्राट, कर्ज आणि न्यायालय ठरवितात. वेस्टर्न दंतकथेला नेमके हेच मान्य नसते. तिच्या दृष्टीने शस्त्र निवडतो तो वीर, आणि विजय मिळवितो तो त्याचा हात.

३. मार्क ट्वेन : बेभरवशाच्या वस्तूचा विनोद

या दंतकथेची चेष्टा सर्वप्रथम समर्थपणे केली ती मार्क ट्वेन याने. १८६१ मध्ये तो आपल्या भावाबरोबर टपालगाडीने नेवाडातील कार्सन सिटीकडे निघाला. १८७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रफिंग इट’ या पुस्तकात त्याने या प्रवासातील शस्त्रांचे वर्णन केले आहे. त्याच्याजवळ ‘स्मिथ अँड वेसन’चे सात गोळ्यांचे चिमुकले पिस्तूल होते, त्याची गोळी त्याला होमिओपॅथीच्या औषधाएवढी वाटते. सहप्रवाशाजवळ ॲलन कंपनीचे ‘पेपरबॉक्स’ होते. या प्रकारात एकाच नळीमागे फिरणारे चक्र नसते; नळ्यांचा जुडगाच फिरतो. चाप ओढताना घोडा वर येतो, नळ्या फिरतात आणि घोडा आपटतो; या हालचालीत नेम धरणे जवळपास अशक्य. त्या माणसाने झाडावर लावलेल्या पत्त्यावर नेम धरला आणि गोळी बाजूला उभ्या असलेल्या खेचराला लागली, अशी हकिकत ट्वेन सांगतो.

हा विनोद वरवरचा नाही. ट्वेन लिहीत असताना स्वस्त ‘डाइम नॉव्हेल’चा व्यवसाय भरात होता. न्यूयॉर्कच्या बीडल प्रकाशनाने १८६० मध्ये ही प्रथा सुरू केली होती. तेथील नायकाची गोळी चुकत नसे. ट्वेन मात्र वस्तूला तिच्या दोषांसह बोलू देतो. शस्त्र बाळगणारा माणूस स्वतःला जितका धोकादायक समजतो, तितका तो शत्रूला धोकादायक नसतो आणि निरुपद्रवी प्राण्याला मात्र असतो, ही जाणीव या विनोदाच्या मुळाशी आहे. सीमाप्रदेशातील हिंसेचे यथार्थ निदान एका खेचराच्या निमित्ताने झाले, असे म्हणण्यास हरकत नाही.

४. स्टुअर्ट लेक : अस्तित्वात नसलेले रिव्हॉल्व्हर

याच्या अगदी उलट टोकाला स्टुअर्ट लेक याचे ‘वायट अर्प : फ्रंटियर मार्शल’ हे १९३१ चे चरित्र उभे आहे. अर्पचा मृत्यू १९२९ मध्ये झाला होता. टूमस्टोन येथील २६ ऑक्टोबर १८८१ च्या चकमकीला अर्धशतक लोटत आले होते. लेकच्या म्हणण्यानुसार, नेड बंटलाइन या लेखकाने डॉज सिटीतील अर्पसह पाच कायदारक्षकांना बारा इंची नळीची खास कोल्ट रिव्हॉल्व्हरे भेट दिली. या भेटीला समकालीन पुराव्याचा आधार सापडलेला नाही. कोल्ट कंपनी साडेसात इंचांपुढील प्रत्येक इंचास एक डॉलर जादा घेऊन लांब नळ्या बनवून देत असे आणि १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात अशी लांब नळीची रिव्हॉल्व्हरे तिने मांडली होती, एवढेच इतिहासाला ठाऊक आहे. कथेचे बीज तेथे असेल. वृक्ष मात्र लेकचा.

या कल्पित भेटीतील दाता कोण, हे लक्षात घेण्यासारखे आहे. बंटलाइन हे एडवर्ड जडसन याचे टोपणनाव. बफेलो बिलला १८६९ मध्ये कथानायक बनविणारा तो स्वस्त कादंबऱ्यांचा लेखक होता. म्हणजे वीराच्या हाती शस्त्र देणारा येथे कथाकार आहे. लेकला हे अभिप्रेत नसावे. तरीही त्याने नकळत दंतकथेच्या निर्मितीप्रक्रियेचे अचूक रूपक रचले आहे. पुढचा प्रवास तर अधिकच बोलका आहे. १९५५ ते १९६१ या काळात अर्पवरील दूरचित्रवाणी मालिकेने हे लांब रिव्हॉल्व्हर घराघरांत पोहोचविले आणि १९५७ पासून कोल्ट कंपनीने ‘बंटलाइन स्पेशल’ या नावाने ते प्रत्यक्ष विकावयास काढले. पुस्तकातील वस्तू आधी आणि कारखान्यातील वस्तू नंतर, असा हा उलटा क्रम आहे.

याच काळातील ‘जॉनी रिंगो’ (१९५९-६०) या मालिकेत ल माटच्या धर्तीवरचे रिव्हॉल्व्हर नायकाला दिलेले होते. तेथे जादा नळीचे काम एकच : सर्व गोळ्या संपल्या असे खलनायकाला वाटत असताना नायकाला वाचविणे. वस्तूचा विक्षिप्तपणा येथेही आहे. पण तो तिच्या इतिहासापासून तोडलेला आहे. ट्वेनच्या पेपरबॉक्सने माणसाला उघडे पाडले. बंटलाइनने त्याला झाकले, आणि रिंगोच्या जादा नळीने त्याला आयत्या वेळच्या चमत्काराची सोय करून दिली.

५. ‘द शूटिस्ट’ आणि ‘द वाइल्ड बंच’ : कालबाह्यतेची दोन रूपे

नोव्हेंबर १९०० मध्ये टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे बुच कॅसिडी आणि त्याच्या चार साथीदारांनी एका छायाचित्रकाराकडे फोटो काढून घेतला. डोक्यावर गोल टोप्या, अंगात उत्तम सूट, घड्याळाच्या साखळ्या. शस्त्र एकाच्याही हाती दिसत नाही. प्रत्यक्षातील शेवटच्या दरोडेखोरांना नव्या शतकात सभ्य गृहस्थ दिसावयाचे होते. त्यांच्या हाती पुन्हा रिव्हॉल्व्हर दिले ते चित्रपटांनी.

डॉन सीगल दिग्दर्शित ‘द शूटिस्ट’ (१९७६) या चित्रपटाचे कथानक १९०१ च्या जानेवारीत घडते. राणी व्हिक्टोरियाच्या निधनाची बातमी असलेले वर्तमानपत्र घेऊन जे. बी. बुक्स हा वृद्ध पिस्तूलबाज कार्सन सिटीत येतो. ट्वेन ज्या गावाकडे निघाला होता, तेच हे गाव. मध्ये चाळीस वर्षे गेली आहेत. बुक्सला कर्करोग झाला आहे. प्रारंभी जॉन वेन याच्याच जुन्या चित्रपटांतील दृश्ये बुक्सचा भूतकाळ म्हणून दाखविली जातात; म्हणजे येथे मरणाऱ्या माणसाचे चरित्रच सिनेमाने बनलेले आहे. कोरीवकाम केलेली त्याची रिव्हॉल्व्हरे या गावात, ट्रामगाडीच्या शेजारी, आपल्याच काळात पुराणवस्तू झाली आहेत. गिलम या पोरगेल्या मुलाला त्यांचे आकर्षण वाटते.

येथे चित्रपट आणि मूळ कादंबरी यांतील फरक निर्णायक आहे. ग्लेंडन स्वार्थआउटच्या १९७५ च्या कादंबरीत गिलम अखेरीस ती शस्त्रे घेऊन ताठ मानेने बाहेर पडतो. रोग संपला, संसर्ग मात्र उरला. चित्रपटात तो मुलगा बुक्सच्या मारेकऱ्यास ठार करून रिव्हॉल्व्हर दूर फेकतो आणि मरणारा बुक्स संमतीदर्शक मान हलवितो. चित्रपटाचा शेवट दिलासा देणारा आहे. मात्र कादंबरीचा शेवट अधिक खरा आहे, कारण वस्तू फेकून दिल्याने तिच्याभोवतीचे वलय नष्ट होत नाही, हे पुढील शतकाने सिद्ध केले.

सॅम पेकिन्पाच्या ‘द वाइल्ड बंच’ (१९६९) मध्ये काळ १९१३ चा आणि स्थळ टेक्सास-मेक्सिको सरहद्द आहे. टोळीतील माणसांजवळ जुनी कोल्ट रिव्हॉल्व्हरे आहेत आणि १९११ सालचे नवे स्वयंचलित पिस्तूलही आहे. त्या पिस्तुलाच्या जागी चित्रीकरणात ‘स्टार’ या स्पॅनिश बनावटीची पिस्तुले वापरली गेली. अखेरच्या संहारातील पाण्याने थंड होणारी ब्राउनिंग मशीनगन अमेरिकन सैन्याने स्वीकारली ती १९१७ मध्ये. १९१३ च्या कथेत ती कालविपर्यास ठरते. परंतु या चुकीतही एक अर्थ आहे. येणारे महायुद्ध वेळेआधीच त्या मेक्सिकन अंगणात दाखल होते आणि एकेका गोळीचा हिशेब ठेवणारे रिव्हॉल्व्हरचे नीतिशास्त्र काही मिनिटांत निरर्थक होते. बारकाव्यातील प्रामाणिकपणा आणि आशयातील प्रामाणिकपणा नेहमी एकत्र नांदतातच असे नाही, याचे हे उदाहरण होय. समीक्षकाने केवळ सालांची चूक दाखवून थांबू नये, एवढा बोध त्यातून घ्यावयास हवा.

६. ‘अनफरगिव्हन’ : नाव, स्फोट आणि माघार

डेव्हिड वेब पीपल्स याच्या पटकथेवरून क्लिंट ईस्टवुडने १९९२ मध्ये ‘अनफरगिव्हन’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. उत्कृष्ट चित्रपट आणि दिग्दर्शन यांसह त्याला चार ऑस्कर मिळाली. वायोमिंगमधील बिग व्हिस्की या गावी १८८०-८१ च्या सुमारास एका गिऱ्हाइकाने वेश्येचा चेहरा सुरीने चिरला. गावचा शेरीफ लिटल बिल याने घोड्यांच्या दंडावर प्रकरण मिटविले. त्या स्त्रियांनी पैसे जमवून हजार डॉलरचे इनाम लावले. या कथानकात तीन रिव्हॉल्व्हरे तीन निरनिराळी कामे करतात.

पहिले स्कोफील्ड. इनामाची बातमी घेऊन येणारा तरुण स्वतःला ‘स्कोफील्ड किड’ म्हणवतो. हे नाव त्याने आपल्या रिव्हॉल्व्हरवरून घेतले आहे. पाच माणसे मारल्याची बढाई तो मारतो. प्रत्यक्षात त्याने कोणालाही मारलेले नाही आणि त्याला दूरचे दिसत नाही. सैन्याने नाकारलेल्या शस्त्राचे नाव धारण करणारा, दृष्टीने अधू असलेला हा तरुण म्हणजे डाइम नॉव्हेलचा वाचक आहे. पुढे शौचकूपात बसलेल्या निःशस्त्र माणसाला अगदी जवळून गोळ्या घातल्यावर तो कोसळतो आणि रिव्हॉल्व्हर परत करतो. नाव देणारी वस्तू त्याने टाकून दिली, म्हणजे नावही टाकून दिले. गिलमने रिव्हॉल्व्हर फेकण्यापेक्षा हे दृश्य अधिक परिणामकारक आहे, कारण येथे संमती देणारा वडीलधारा कोणी नाही. आहे तो फक्त खून केल्याचा ओकारी आणणारा अनुभव.

दुसरे वॉकर कोल्ट. इंग्लिश बॉब या भाडोत्री पिस्तूलबाजाचे चरित्र लिहिणाऱ्या ब्यूशाँ या लेखकाला शेरीफ खरी हकिकत सांगतो. बॉबच्या प्रतिस्पर्ध्याने घाईत स्वतःच्याच पायावर गोळी झाडली; नंतर त्याचे वॉकर कोल्ट हातातच फुटले आणि दारूच्या नशेतील बॉबने त्या असहाय माणसाला ठार केले. १८४७ मध्ये मेक्सिको युद्धासाठी बनविलेल्या या रिव्हॉल्व्हरचे वजन सुमारे दोन किलो होते, प्रत्येक कप्प्यात साठ ग्रेन दारू मावत असे आणि त्या काळच्या धातूला तो दाब सोसत नसल्याने कित्येक चक्रे फुटली. सुमारे अकराशेच नग तयार झाले. पटकथाकाराने हा ऐतिहासिक दोष कथेच्या मर्मस्थानी ठेवला आहे. ब्यूशाँच्या पुस्तकातील द्वंद्वयुद्धाचा निकाल शौर्याने लागतो. प्रत्यक्षात तो लोखंडाच्या कमकुवतपणाने लागला. मागील विभागात पाहिलेल्या बंटलाइनच्या दानकथेला हे थेट उत्तर आहे.

तिसरे शस्त्र नायक विल मनी याचे जुने स्टार रिव्हॉल्व्हर. दारू आणि टोपी भरावयाचे हे शस्त्र घेऊन तो डब्यावर नेम धरतो, एकामागून एक गोळ्या चुकतात आणि शेवटी तो घरातून छऱ्यांची बंदूक आणून डबा उडवितो. मुले पाहत असतात. ट्वेनच्या खेचराची आठवण करून देणारा हा प्रसंग आहे.

येथपर्यंत चित्रपटाची भूमिका सुसंगत आहे. प्रश्न उभा राहतो तो शेवटी. मित्र नेड याचा चाबकाच्या माराने मृत्यू झाल्याचे कळताच मनी दारू पितो, गुत्त्यात शिरतो आणि पाच माणसे मारतो. त्याची छऱ्यांची बंदूक ऐन वेळी उडत नाही. मात्र हाती घेतलेले स्कोफील्ड अचूक चालते. दोन तास जी दंतकथा मोडली, ती शेवटच्या काही मिनिटांत पुन्हा उभी राहते, असा आक्षेप घेता येतो आणि तो सहज फेटाळण्यासारखा नाही. प्रेक्षकाला त्या गोळीबारात समाधान मिळते, हे अमान्य करण्यात अर्थ नाही.

तथापि दोन गोष्टी लक्षात घ्यावयास हव्यात. कोणाला आधी मारायचे हे कसे ठरविले, असे ब्यूशाँ विचारतो. मनी त्याचे श्रेय कौशल्याला न देता नशिबाला देतो. ब्यूशाँला हवे असलेले तंत्र त्याच्याजवळ नाहीच. दुसरे असे, की ब्यूशाँ जिवंत राहतो. तो हे लिहिणार आणि जे लिहील ते खोटे असणार, हे प्रेक्षक जाणतो. म्हणजे चित्रपट दंतकथेपासून सुटत नाही, पण ती कोठे आणि कोणाच्या हातून तयार होते हे दाखवून ठेवतो. ही पूर्ण फतेह नव्हे. त्या प्रकाराच्या मर्यादेत मिळविलेली ती प्रामाणिक माघार आहे.

७. मर्यादा

वस्तूच्या खरेपणाचा आग्रह धरणाऱ्या या कलाकृतींचीही एक मोठी उणीव आहे. ज्यांच्या भूमीवर हा सीमाप्रदेश पुढे सरकला, ते मूळ रहिवासी त्यांत जवळपास अदृश्य आहेत. जनगणनेच्या त्याच १८९० सालच्या २९ डिसेंबरला वुंडेड नी येथे लकोटा स्त्री-पुरुष आणि मुले सैन्याच्या गोळीबारात मारली गेली. तेथे हॉचकिस तोफा वापरल्या गेल्या. सीमाप्रदेशाचा खरा शेवट कोणत्याही रिव्हॉल्व्हरने झाला नाही. ‘अनफरगिव्हन’मध्ये नेडची मूळनिवासी पत्नी पडद्यावर दिसते, परंतु तिला एकही संवाद नाही. याच कथेवर आधारित ली सांग-इल यांच्या २०१३ च्या जपानी चित्रपटाने कथानक होक्काइदो बेटावर नेले आणि तेथील ऐनू लोकांवरील अन्याय कथेच्या आत आणला. मूळ चित्रपटात काय राहून गेले होते, हे या रूपांतराने दाखवून दिले.

दुसरी मर्यादा रसिकतेची आहे. शस्त्राच्या बारकाव्यांचा ध्यास संग्राहकाच्या मोहातही रूपांतरित होऊ शकतो. पॅट गॅरेटने १४ जुलै १८८१ रोजी फोर्ट समनर येथे ज्या कोल्टने बिली द किडला मारले, ते ऑगस्ट २०२१ मधील लिलावात साठ लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकले गेले. अंधाऱ्या खोलीत झाडलेल्या गोळीची ही किंमत आहे. लिलावाच्या बाजारात वस्तूचे मूल्य तिने घेतलेल्या जिवाच्या प्रसिद्धीवर ठरते. समीक्षेने हा हिशेब उलटा मांडावयास हवा.

८. समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष हाती येतात. सीमाप्रदेशाच्या उत्तरार्धातील रिव्हॉल्व्हरांची विविधता ही पेटंट, युद्ध आणि कंत्राटे यांची निर्मिती होती. दंतकथेने ती पुसून तिच्या जागी एकच अचूक शस्त्र आणि एकच अचूक हात बसविला. ट्वेनने विनोदाच्या, तर पीपल्स आणि ईस्टवुड यांनी शोकात्म वास्तवाच्या मार्गाने ती विविधता परत आणली. लेकने नवी वस्तू कल्पून दंतकथेला बळ दिले आणि बाजाराने ती कल्पना खरी करून दाखविली. स्वार्थआउटच्या कादंबरीने वस्तूचा संसर्ग ओळखला. तिच्यावरील चित्रपटाने तो नाकारला. पेकिन्पाने वस्तूचा काळ चुकविला, तरी तिच्या अंताचे आकलन त्याला होते.

कलाकृतीतील शस्त्र चुकते, अडते, फुटते किंवा न पेलणाऱ्या हाती सापडते, तेव्हा त्याच्या पुढ्यातला माणूस दिसू लागतो. अचूक रिव्हॉल्व्हरच्या कथेत मरणारा माणूस केवळ लक्ष्य असतो. फुटणाऱ्या वॉकर कोल्टच्या कथेत तो हाताची बोटे गमावून भिंतीशी उभा राहिलेला, मरण समोर पाहणारा माणूस होतो. वेस्टर्न प्रकारातील कलाकृतींचे मूल्यमापन करताना हा भेद निकष म्हणून वापरला, तर करमणूक आणि साक्ष यांच्यातील अंतर स्पष्ट होण्यास मदत होईल.